मडीच्या काठीवरचा स्पंज

पुरुषोत्तमरावांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं म्हणणं म्हणजे त्या नाकावर अन्याय आहे. राग सगळ्या अंगातच होता. नाक ही फक्त तो बाहेर पडायची वाट. चामराजपेटेतल्या वरच्या मजल्यावरच्या त्या घरात दूध उतू गेलं तर ते चिडत, आणि वेळेवर उतरवलं तर एवढी घाई कसली म्हणून चिडत. पण त्या रविवारी बेळ्ळंदूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये जेवताना ते जे चिडले, त्याला निदान कारण होतं.

कारण मासे. मुलगा सुशांत सार भुरकत सहज म्हणाला, "अण्णा, आता ते जिने चढणं-उतरणं बंद करा आणि दोघंही इकडे या. अम्माच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय. इथे लिफ्ट आहे, सगळं आहे. फक्त फिश टँक एकच राहील हं. जागा नाही, आणि आमचा मरीन आहे, समुद्राचं पाणी. तुमचे मोली त्यात चालणार नाहीत. कुणाला तरी देऊन टाका."

देऊन टाका! जुनी छत्री असल्यासारखं. पुरुषोत्तमरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांची सगळी नोकरी शहराच्या सांडपाण्यावर गेली होती. लोक नाक दाबून ज्या केंद्रासमोरून जात, तिथे ते अधिकारी होते. प्रक्रिया झालेलं पाणी किती निर्मळ झालंय हे आल्यागेल्याला दिसावं, म्हणून केंद्राच्या दाराशी एक काचेची टाकी ठेवलेली असे, आणि त्या पाण्यात मोली मासे पोहत. कुणी साहेब पाहणीला आला की पुरुषोत्तमराव तोंडाने काही बोलत नसत, नुसतं टाकीकडे बोट दाखवत. निवृत्त झाले त्या दिवशी शाल आणि नारळ त्यांनी टेबलावर विसरून ठेवला, पण त्या टाकीतले चार मासे बरणीत घालून घरी आणले. आता घरात जे डझनभर राखी-काळे मोली होते, ते सगळे त्या चौघांचे नातू-पणतू. मोली अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. त्यामुळे त्यातला एकूण एक मासा त्यांनी जन्मताना पाहिला होता. सुशांतच्या बाबतीत हे भाग्य त्यांना लाभलं नव्हतं. त्या दिवशी ते ड्यूटीवर होते.

"मोली खाऱ्या पाण्यातही जगतो," ते पानावरून गरजले. "टाकी लावून देणाऱ्या तुझ्या कंपनीवाल्या पोरांना माहीत नसेल. माझे मासे तुझ्या समुद्रात जगतील. ते आले तर मी येईन. नाही आले तर मी चामराजपेटेतच मरेन, तुझ्या अम्मासकट!"

तुझ्या अम्मासकट. कावेरीबाई शेजारीच बसल्या होत्या. मरायचं कुठे, हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनी नवऱ्याच्या पानात आणखी थोडा भात वाढला आणि म्हणाल्या, "सरी, बरं. स्वल्प हळू बोला, खालच्या तळ्यावरचे पक्षी उडाले."

शेवटी सुशांतने हात टेकले: माशांना खाऱ्या पाण्याची सवय झाली की आणा. घरी आल्यावर पुरुषोत्तमराव कामाला लागले. माशांना गोड्या पाण्यातून खाऱ्यात न्यायचं म्हणजे नुसतं मीठ ओतायचं नसतं, हे त्यांनी बायकोला पुन्हापुन्हा समजावलं. टाकीच्या कोपऱ्यात एक स्पंज असतो, त्यातून हवा बुडबुडते. त्या स्पंजावर डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. मासे जी घाण करतात, तिचा अमोनिया होतो. तो अमोनिया हे जंतू खाऊन पचवतात. हे जंतू गोड्या पाण्यातले. एकदम खारट पाणी अंगावर आलं की ते मरतात. "आणि जंतू मेले की मासे आपल्याच मुतात जळून मरतात," पुरुषोत्तमराव म्हणत. "चाळीस वर्षं या शहराची घाण कुणी पचवली? महापालिकेने? मंत्र्यांनी? जंतूंनी पचवली. मी फक्त त्यांना सांभाळलं."

मग रोज थोडं मीठ. साधं नाही, समुद्राचं पाणी करायचं वेगळं मीठ येतं, ते दोन पिंपांत आधी विरघळवून, त्यात हवा सोडून, मुरवून ठेवायचं. रोज सकाळी टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा राहिला तर जंतू खुशाल. किंचित हिरवट झाला तर मीठ वाढवणं बंद, वाट बघायची. आणि तो जरासा हिरवा झाला रे झाला की पुरुषोत्तमराव उन्हाकडे नळी धरून म्हणत, "नाही सोसत बिचाऱ्यांना. थांबलं पाहिजे."

त्यांचं हे थांबणं काही संपेना. सुशांत दर रविवारी फोन करी, "अण्णा, झालं का?" यांचं उत्तर ठरलेलं: "जंतू तयार नाहीत." एवढ्यात पावसाळा आला. कावेरीबाई देवळात जाताना जिन्यावर बसत आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली सरकत. लुगडं मागून मळे, ते त्या खाली पोचल्यावर झटकत. पुरुषोत्तमराव वरून सांगत, "सावकाश! घाई कसली?"

कावेरीबाईंचं आणि त्या टाकीचं कधी जमलं नव्हतं. त्यांच्या घराण्यात सोवळ्याला मडी म्हणतात आणि ओवळ्याला मैलिगे, आणि मासे म्हणजे मैलिगेचा कळस. गच्चीलगतच्या ज्या खोलीत टाकी होती, तिच्या उंबऱ्याच्या आत त्या इतक्या वर्षांत गेल्या नव्हत्या. त्यांची मडीची साडी स्वयंपाकघराच्या छताला टांगलेल्या वेळूच्या काठीवर वाळे. ती दुसऱ्या एका काठीने वर सरकवायची आणि काठीनेच उतरवायची, म्हणजे कुणाचा हात लागत नाही. त्या काठीवर दुसरं काही घालण्याची छाती घरात कुणाला नव्हती. मुलगा लहान असताना त्याने एकदा शाळेची चड्डी भिरकावली होती तिच्यावर, त्याची आठवण सुशांतच्या पाठीला अजून असेल.

अशात चंद्रग्रहण आलं. वेध लागायच्या आधी कावेरीबाईंनी नेहमीप्रमाणे दह्यावर, लोणच्यावर, तुपावर दर्भाची काडी ठेवली. दर्भ असला की वस्तूला ग्रहण लागत नाही. नसला तर ग्रहण सुटल्यावर साठवलेलं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची, घरातल्या प्रत्येकाने डोक्यावरून नाहायचं. पुरुषोत्तमरावांची दरवेळची चेष्टा ठरलेली होती. "ग्रहण चंद्राला, आणि धाक माझ्या दह्याला?"

पण या वेळी एक गोष्ट नवी झाली. दर्भाची जुडी हातात धरून कावेरीबाई टाकीच्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "यांचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं?"

"यांचंच हो. माशांचं."

"त्यांना चंद्र दिसत नाही," पुरुषोत्तमराव नळीवरची नजर न काढता म्हणाले. "तू तुझं लोणचं सांभाळ."

त्या जुडी घेऊन परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात धुण्याघासण्याचा महापूर येणार, हे ठाऊक असल्याने पुरुषोत्तमराव मीठ आणायच्या निमित्ताने बाहेर पडले. मिठाची पिशवी घेऊन परतले, तेव्हा जिना ओला होता. वर आले तर दोन्ही पिंपं पालथी. मुरवलेलं, हवा सोडलेलं, जपून ठेवलेलं सगळं खारं पाणी मोरीतून गेलं होतं. पिंपं घासून लख्ख केलेली. ते टाकीकडे धावले. मासे होते. पण कोपऱ्यात नुसती नळी बुडबुडत होती. स्पंज नव्हता.

"स्पंज?" ते ओरडले. "कावेरी! स्पंज कुठाय?"

"वाळतोय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं, आणि त्या उत्तरात, खरं सांगायचं तर, जरासं कौतुक होतं.

ते गेले आणि त्यांनी वर पाहिलं. छताखालच्या काठीवर साडीच्या शेजारी त्यांचा स्पंज लोंबत होता. इतक्या वर्षांचा तपकिरी, चिकट, जंतूंनी गच्च भरलेला स्पंज आता दुकानातून आणल्यासारखा निळा दिसत होता. खाली पाण्याचे थेंब पडत होते. चुलीपाशी पातेलं होतं, त्यातून अजून वाफ येत होती. उकळत्या पाण्यात! शिकेकाई लावून!

त्यानंतर पुरुषोत्तमराव जे बोलले, ते सगळं लिहिण्यासारखं नाही. खालच्या मजल्यावरचं कुटुंब कन्नड बोलणारं, तरी त्यांना सगळं समजलं. "अडाणी बाई! तू मारलंस त्यांना! कोट्यवधी जीव होते त्यात, एका पातेल्यात उकडलेस! तुझ्या मडीपायी! घाण दिसली की हात शिवशिवतात, ती घाण कशासाठी असते याची अक्कल नाही! चार दिवसांत मासे मरतील. झालं तुझं समाधान? जा आता, जा तुझ्या लेकाकडे आणि घास त्याचं घर. मी येत नाही. संपला विषय!"

कावेरीबाई हात पदराला पुसत राहिल्या. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

संध्याकाळी नळीतलं पाणी हिरवं झालं. पुरुषोत्तमरावांनी नव्या पिशवीतलं मीठ घाईघाईने विरघळवून टाकीतलं निम्मं पाणी बदललं. सकाळी नळी पुन्हा हिरवी, आणि गडद. मासे वरच्या थराशी येऊन तोंडं उघडत होते. सगळ्यांत थोरली मादी, पोटुशी होती ती, तळाशी आडवी पडली होती. त्यांनी तिला जाळीने उचललं आणि तळहातावर घेऊन उभे राहिले. रागारागाने ते तिला ऊठ, ऊठ म्हणत होते. तो रागच होता असं ते तरी म्हणाले असते.

कावेरीबाई दाराशी आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला मासा बघितला. मग गुडघ्यावर हात रोवत दिवाणखान्यात गेल्या, सुशांतला फोन लावला, झालं ते सांगितलं आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवून टाकीच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला. "बोला त्याच्याशी," त्या म्हणाल्या.

"काय बोलू? सांग त्याला, त्याची अम्मा जिंकली म्हणून."

"अण्णा, ओरडू नका," फोनमधून सुशांत म्हणाला. "स्पंजचा फिल्टर गेला ना? मग मासे माझ्याकडे आणू या. पण ते अजून निम्म्याच मिठात आहेत. एकदम पूर्ण खाऱ्यात तगतील का?"

"मासे न तगायला काय झालं?" पुरुषोत्तमराव खेकसले. कुणी त्यांच्या माशांना दुबळं म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मोली आहेत ते! थेंब थेंब पाणी सोडलं तर एका दिवसात तगतील. पहिल्याच आठवड्यात तगले असते! प्रश्न माशांचा कधी नव्हताच. जंतूंचा होता."

फक्त ती रिकामी नळी बुडबुडत होती.

"म्हणजे मासे तयार होते," कावेरीबाई म्हणाल्या.

"मासे होते. फिल्टर नव्हता."

"आणि सुशांतच्या टाकीत नाही फिल्टर?"

"आहे ना अम्मा," सुशांत म्हणाला. "मोठ्ठे दगड आहेत आत, जंतू त्यांच्यावरच असतात. दीड वर्ष झालं सगळं व्यवस्थित चालू आहे."

"त्या भाड्याच्या पोरांनी लावलेल्या दगडांवर माझा विश्वास नाही!"

"म्हणजे तिथे जंतू आहेत," कावेरीबाई सावकाश म्हणाल्या. "खाऱ्या पाण्यातलेच आहेत. मासे कधीही तिकडे गेले असते. हा स्पंज खारवण्याची गरजच नव्हती."

पुरुषोत्तमरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. टाकीतले मासेही तेच करत होते.

मग कावेरीबाई उंबरा ओलांडून आत आल्या. नवऱ्यादेखत पहिल्यांदा. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्या बोलू लागल्यावर फोनमधल्या सुशांतने श्वाससुद्धा घेतला नसेल.

"मला रसायनं कळत नाहीत. पण इतके महिने माशांसाठी नव्हते आणि जंतूंसाठी नव्हते, एवढं कळलं. तुम्हाला जायचंच नव्हतं. मग तसं म्हणायचं होतं! पुरुषासारखं म्हणायचं होतं, की मला मुलाच्या घरी राहायची भीती वाटते. जंतूंच्या आड कशाला लपलात? मी जिन्यावर बसून बसून उतरते, रांगत्या पोरासारखी. ते तुम्हाला वरून दिसत होतं. मी दिसते हो! जे दिसत नाहीत त्यांना मीठ सोसतंय की नाही, ते तुम्ही रोज सकाळी उन्हात नळी धरून बघायचात. मला सोसतंय का, हे एकदा विचारलंत? एकदा?"

"कावेरी, मी..."

"थांबा. माझं झालं नाही. तो स्पंज मी घाण दिसली म्हणून धुतला, असं वाटलं तुम्हाला. इतकी वर्षं दिसत होती ती घाण, तेव्हा का नाही धुतला मी तो? ग्रहण सुटलं की घरातलं प्रत्येक जण नाहतं. आता हे आपल्याबरोबर यायचे, म्हणजे घरातलेच झाले. यांना कसं न्हाऊ घालायचं, मला काय ठाऊक? दर्भ ठेवू का म्हणून आले होते, तर तुम्ही हाकललंत. म्हणून सकाळी मनाचा हिय्या करून त्या पाण्यात हात घातला. मी! आणि धुऊन काठीवर घातलं. चाळीस वर्षांत तुमचा एक शर्ट तरी घातलाय का मी त्या काठीवर?"

पुरुषोत्तमरावांनी स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं. तिथून ती काठी दिसत होती, साडी दिसत होती आणि साडीला खेटून तो निळा तुकडा. काल तो त्यांनी बघितला होता. कुठे होता, ते बघितलं नव्हतं. राग अजून होता, भरपूर होता, पण त्याला बसायला आता दुसऱ्या कुणाची पाठ उरली नव्हती. तो आला आणि त्यांच्याच छातीवर बसला. चाळीस वर्षं नाकासमोर होतं ते त्यांना हुंगता आलं नव्हतं, आणि हा माणूस शहराला घाणीची पारख शिकवायचा.

"मी निघतोय," फोनमधून सुशांत हळूच म्हणाला. "बॅटरीचा पंप घेऊन येतो."

दुपारी बादलीत टाकीतलंच पाणी घेऊन मासे त्यात घातले, पंप लावला, वर झाकण ठेवलं. थोरलीला पुरुषोत्तमरावांनी तुळशीच्या कुंडीत पुरलं. कावेरीबाई जिन्यावर बसून सरकू लागल्या, तेव्हा ते एक पायरी खाली उतरून उभे राहिले आणि हात पुढे केला. कावेरीबाईंनी तो धरला नाही. कठड्याला धरून सावकाश खाली आल्या. रागावण्याचा मक्ता काही एकट्या पुरुषोत्तमरावांनी घेतलेला नव्हता.

गाडीत मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये बादली. गाडी थांबली की पाणी हिंदकळे आणि झाकणाच्या फटीतून कावेरीबाईंच्या साडीवर उडे. त्यांनी साडी आवरली नाही. उलट बादलीला हाताचा वेढा घातला. रिंग रोडला लागल्यावर सगळं ठप्प झालं. पुढे बस, मागे बस, दोन्ही बाजूंना हॉर्न. एरवी अशा वेळी पुरुषोत्तमरावांनी काच खाली करून राज्य सरकारपासून सुरुवात केली असती.

"गुडघे," ते बादलीकडे बघत म्हणाले.

"काय गुडघे?"

"सोसतंय का?"

कावेरीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "आत्ता विचारताय. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर." त्यांनी बादलीवरचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाल्या, "नाही सोसत. पुष्कळ दिवस झाले, नाही सोसत."

पुरुषोत्तमरावांनी मान हलवली. नळीत रंग हिरवा दिसला की हलवत, तशीच.

थोड्या वेळाने कावेरीबाईंनी मांडीवरची पिशवी उघडली. आत देवाचा डबा होता, औषधं होती, उरलेला दर्भ होता, आणि सगळ्यांत खाली तो स्पंज होता, कोरडा, घडी घातलेला.

"हा कशाला आणलास?" पुरुषोत्तमराव म्हणाले. "मेलाय तो. काही राहिलेलं नाही त्यात."

"ठाऊक आहे. सुशांतच्या टाकीत त्या दगडांपाशी ठेवा," त्यांनी तो नवऱ्याच्या हातात कोंबला. "होऊ दे पुन्हा घाण."

पुरुषोत्तमरावांनी तो मुठीत घट्ट धरला. मग ते पुढे वाकून सुशांतवर ओरडले, गाडी सावकाश चालव म्हणून. गाडी उभीच होती.